जाळी नसलेलं काउंटर

पुण्यात माझ्या घराजवळच्या चौकात ‘वाईन्स’ अशी लाल अक्षरांची पाटी आहे. पाटीखाली लोखंडी जाळी, जाळीत एक बाटली जेमतेम बाहेर येईल एवढी खिडकी, आणि आत रम, व्हिस्की, व्होडका, बिअर. वाईन सगळ्यात वरच्या फळीवर, ट्यूबलाइटला टेकून उभी. मी एकदा तिथे शेनिन ब्लां मागितली. जाळीमागच्या माणसानं आधी माझ्याकडे, मग माझ्यामागे उभ्या असलेल्या चार पुरुषांकडे पाहिलं आणि विचारलं, “गोड का कडू?” मी पुन्हा नाव सांगितलं. “पांढरी ना? म्हणजे गोड,” असा त्यानं निकाल दिला. स्टुलावर चढून बाटली काढली, बाहीनं धूळ पुसली, कालच्या पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीत घातली, आणि सुट्टे पैसे देताना नजर दुसरीकडे वळवली. ती नजर वळवणं हीच त्या दुकानातली ग्राहकसेवा होती, हे मला पुढे कळलं. कोणी ओळखीचं पाहू नये म्हणून पिशवी काळी आणि त्यानंही पाहू नये म्हणून मान तिकडे.

तीच बाटली सव्वादोनशे किलोमीटरवर नाशिकला, गंगापूर धरणाच्या अंगाला एखाद्या वायनरीच्या काउंटरवर आली की लोक तिच्यासोबत फोटो काढतात. सासूबाईंनाही फोटोत घेतात. पिशवी कागदाची, तिला दोरीचे बंद. जाळी कुठेच नाही. दारू तीच, सरकार तेच, अबकारी खातंही तेच. मग या दोन काउंटरांमध्ये नेमकं काय बदलतं, हे पाहायला गेल्या हंगामात, जानेवारीपासून मार्चपर्यंत, मी नाशिकच्या आसपासच्या पाच टेस्टिंग रूममध्ये जाऊन आले. कुठे शनिवारी संध्याकाळी, कुठे मंगळवारी सकाळी. एकदा नवऱ्याबरोबर, दोनदा एकटी, आणि शेवटच्या खेपेला माझ्या मामांना घेऊन. जिथे तक्रारीला जागा मिळाली, त्या जागांची नावं घेत नाही. कारण तक्रारी सगळीकडे थोड्याफार त्याच होत्या.

टेस्टिंग रूम ही मुळात आपली चीज नाही. अमेरिकेत नापा खोऱ्यात बेरिंजरनं १९३४ मध्ये, तिथली दारूबंदी उठल्यावर, लोकांना वायनरी हिंडून दाखवायला सुरुवात केली. रॉबर्ट मोंडावीनं १९६६ मध्ये नवी वायनरी उभारली ती पाहुण्यांना फिरवायचं, चाखवायचं, शिकवायचं हे धरूनच. ते वारं कॅलिफोर्नियातून नाशिकला आलं. स्टॅनफर्डला शिकलेल्या, ओरॅकलमधली नोकरी सोडून आलेल्या राजीव सामंत यांनी वडिलांच्या जमिनीवर आधी इतर पिकं करून पाहिली आणि नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात वाईनची द्राक्षं लावली. २००० मध्ये पहिली वाईन बाजारात आणली. आई सुलभा, म्हणून ‘सुला’. २००५ मध्ये त्यांनी टेस्टिंग रूम उघडली, ती देशातली पहिली.

त्याआधी वाईन नव्हती असं नाही. नारायणगावला शामराव चौगुल्यांच्या इंडेजनं ऐंशीच्या दशकातच फसफसणारी वाईन करून ‘ओमर खय्याम’ नावानं परदेशी पाठवली होती. पण ती बाटली मुख्यतः परदेशात प्यायली जायची आणि इथे बहुतेकांना फक्त वर्तमानपत्रात वाचायला मिळायची. नारायणगावच्या माणसाला ती चाखायची तर कुठे, हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. २००१ मध्ये राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं, वाईनला करात सवलत मिळाली, निफाड तालुक्यात विंचूर आणि सांगलीत पलूस इथे वाईन पार्क झाले. वायनऱ्या उभ्या राहिल्या, पण माल विकायचा कसा? टीव्हीवर दारूची जाहिरात चालत नाही. दुकानदाराला ‘गोड का कडू’ यापलीकडे वेळ नाही. मग गिऱ्हाइकालाच बागेत बोलवायचं आणि त्याच्या हातात पेला द्यायचा. टेस्टिंग रूम हेच दुकान, हीच शाळा, हीच जाहिरात. म्हणून तिथल्या काउंटरमागे उभा असलेला बावीस-चोवीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी या धंद्यात किती महत्त्वाची आहे, हे वाईनवर लिहिणाऱ्या मंडळींना अजून पुरतं उमगलेलं नाही असं मला वाटतं. ते वाईनवर लिहितात. ओतणाऱ्यावर कोणी लिहीत नाही.

शनिवार, संध्याकाळचे पाच. मुंबईच्या गाड्या कसारा घाट चढून आलेल्या. कोणाचा तरी साखरपुडा ठरलाय, कोणी नोकरी सोडलीय, आणि प्रत्येकाला सूर्य धरणात बुडताना हातात पेला हवाय. आमचा गट चौदा जणांचा. काउंटरमागचा मुलगा एका दमात इंग्रजीत सांगतो: रंग पाहा, पेला फिरवा, वास घ्या, घोट तोंडात घोळवा. ही सॉव्हिन्यॉं ब्लां, यात ग्रीन ॲपल, गूजबेरी, कट ग्रास. प्रत्येकी तीसेक मिली, पाच वाईन, वीस-पंचवीस मिनिटं. दार उघडून पुढचा गट आत डोकावतोय. पाठ केलेलं बोलणं कळतंच. तो ‘लीची’ म्हणाला तेव्हा त्याचा डोळा घड्याळावर होता.

पण त्याच मुलानं त्या गर्दीत एक गोष्ट केली, ती मला विसरता येत नाही. गटात एक साठीच्या बाई होत्या, काठपदराची साडी, लेक आणि जावई घेऊन आले असावेत. पेला कसा धरायचा हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी तो चहाच्या पेल्यासारखा दोन्ही हातांनी, पोटाशी धरला होता. लेक हळूच कानात काही सांगू लागली तशा त्या आणखीच अवघडल्या. मुलानं ते पाहिलं. बोलला काही नाही. बोलणं चालूच ठेवून त्यानं स्वतःचा रिकामा पेला उचलला, बाईंच्या समोर आणला, तीन बोटांनी दांडीला धरला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. तिसऱ्या वेळेला बाईंची बोटं आपसूक खाली दांडीकडे सरकली. जावयाला पत्ताही नव्हता. गूजबेरीचं पाठांतर मी त्याला तिथल्या तिथे माफ केलं.

ही गूजबेरी मात्र मला पाचही ठिकाणी भेटली. दोन ठिकाणी तिचा खुलासा झाला, “गूजबेरी म्हणजे आपला आवळा.” ती आवळा नव्हे. युरोपातली गूजबेरी आणि आपला आवळा यांचं वनस्पतिशास्त्रात काही नातं नाही. ‘इंडियन गूजबेरी’ हे साहेबानं ठेवलेलं नाव, त्यातून झालेला हा घोळ. गंमत अशी की पुस्तकातला शब्द टाकून दिला की हीच मुलं फार बरोबर बोलतात. मंगळवारी सकाळी, रिकाम्या टेस्टिंग रूममध्ये, गिरणाऱ्याच्या एका मुलीनं मला तीच सॉव्हिन्यॉं ब्लां दिली. मी मराठीत बोलतेय म्हटल्यावर तिचा चेहरा सैल पडला. “ताई, ढोबळी मिरची चिरताना हाताला जो वास येतो ना, तो बघा सापडतो का.” सापडला, लगेच. आणि तो कल्पनेचा खेळ नाही. ढोबळी मिरचीतलं जे द्रव्य त्या वासाचं मूळ आहे, तेच या द्राक्षात असतं. शिराझमध्ये मिऱ्याचा वास येतो तोही तसाच: रोटंडन नावाचं संयुग काळ्या मिरीत आहे आणि शिराझच्या सालीतही आहे. “मसाला कुटताना पहिली ठसक येते तसा,” ती म्हणाली. मग मी विचारलं, शनिवारी असं का नाही सांगत? तिनं खांदे उडवले. “ट्रेनिंगमध्ये इंग्लिशमध्येच शिकवलं. आणि मराठीत सांगितलं की गेस्टला वाटतं, हिला येत नाही.”

हे दुसरं वाक्य मी वहीत तारीख घालून लिहून ठेवलं. नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षाची वाईन, नाशिक जिल्ह्यातली मुलगी ओततेय, समोर पुण्याची बाई, आणि दोघी मराठीत बोलल्या की वाईन स्वस्त वाटायला लागते. गेस्टचंही चुकतंच. त्याच काउंटरवर मी एका गृहस्थांना मराठीत सुरुवात करणाऱ्या मुलाला इंग्रजीत उत्तर देताना ऐकलंय. त्यांचं इंग्रजी मुलाच्या इंग्रजीपेक्षा बरं नव्हतं.

या नोकरीबद्दल घरी काय सांगितलंय, असं मी गिरणाऱ्याच्या त्या मुलीला विचारलं. “आईला माहितीये. आजीला सांगितलंय, हॉटेलात आहे.”

आता तक्रारी. पहिली तापमानाची. रेड वाईन ‘रूम टेंपरेचर’ला द्यावी असं सगळी पुस्तकं सांगतात, पण ती रूम युरोपातली, सोळा ते अठरा अंशांची. मार्च अखेरीस नाशिकमधली खोली तीसच्या वर जाते. एका ठिकाणी मला काउंटरवर दिवसभर उभी असलेली शिराझ त्या खोलीच्या तापमानाला दिली. मद्यार्काची वाफ नाकात गेली, फळ कुठेच नाही. थोडी गार करून द्याल का, असं विचारल्यावर काउंटरमागच्या गृहस्थांनी मला समजावलं, “मॅडम, रेड फ्रिजमध्ये ठेवत नाहीत.” समजावण्याचा सूर असा, की माझ्या शेजारच्या जोडप्यानं आपले पेले मुकाट्यानं रिकामे केले आणि प्रश्न विचारायचा नाही हे ठरवून टाकलं. वाईन गरम होती हे मी विसरले असते. तो सूर विसरले नाही.

दुसरी तक्रार उघड्या बाटलीची. वाईनला हवा लागली की पहिल्या तासात ती खुलते, दोन-तीन दिवसांत उतरते. पांढरीला कापलेल्या सफरचंदासारखा काळवंडलेला वास येतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी गर्दी नसते, रविवारी उघडलेली बाटली बुधवारपर्यंत चालवायचा मोह होतो. दुसऱ्या एका ठिकाणी, अगदी लहानशा वायनरीत, मला अशीच उतरलेली शेनिन मिळाली. मी जरा बिचकत म्हटलं, ही थोडी वेगळी लागतेय का? मुलगा वाद घालेल असं वाटलं. त्यानं माझा पेला मागितला नाही, बाटलीच नाकाशी नेली, “गेली ही,” म्हणाला, बेसिनमध्ये ओतली आणि नवी उघडली. मग जुनीचे उरलेले दोन थेंब आणि नवी असे दोन पेले शेजारी ठेवून म्हणाला, “आता दोन्ही बघा. पुढच्या वेळी हॉटेलात कोणी शिळी दिली तर ओळखाल.” त्या पंधरा मिनिटांत मी तीन बाटल्या घेतल्या. त्या वायनरीचं नाव मात्र माझ्या नवऱ्याला अजून नीट म्हणता येत नाही.

काउंटरवर एक पितळी, कधी स्टीलचं भांडं असतं, घोट चाखून थुंकायला. जाणकार थुंकतात, कारण दिवसात चाळीस वाईन चाखायच्या असतात. पाच ठिकाणी मिळून ते वापरताना मी एकच माणूस पाहिला, तोही त्याच धंद्यातला. आपल्याकडे पैसे दिलेली वस्तू थुंकणं पटत नाही, आणि चारचौघांत तोंडातलं बाहेर काढणं त्याहून नाही. मामांनी ते भांडं पाहून विचारलं, “पिकदाणी का?” मुलगा हसून हो म्हणाला. यापेक्षा नेमका शब्द मला सुचला नसता.

आणि नाही म्हणणं. वाईनसाठी महाराष्ट्रात वयाची अट एकवीस आहे. ओळखपत्र मागितल्यावर “मी कोण आहे माहितीये का” हे वाक्य शनिवारी संध्याकाळी किमान एकदा ऐकू येतं. सात वाजता एका टेबलावरचे पाचजण तिसऱ्या बाटलीवर आले होते आणि त्यांच्यातलाच एक गाडी चालवून परत जाणार होता. काउंटरवरची मुलगी ऑर्डर घ्यायला गेली, परत आली, वरिष्ठाशी दोन शब्द बोलली, आणि बाटलीऐवजी पाण्याचा जग, भाकरीच्या तुकड्यांसारखे टोस्ट आणि चीज घेऊन गेली. “सर, हे आमच्याकडून. बाटली पॅक करून देते, घरी उघडा.” सर चिडले, मग टोस्ट खाल्ले. हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवतात मला माहीत नाही. घरात चार पाहुणे आणि दोन चिडके काका असले की हे येतं.

मामांना नेण्याबद्दल मी बराच विचार केला. मामा निफाड तालुक्यातले, गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला पंढरपूर. दारूचा थेंब नाही. पण वाईनशी त्यांचा संबंध माझ्यापेक्षा जवळचा आहे. २००६ मध्ये त्यांनी दीड एकरावर काबर्ने सॉव्हिन्यॉं लावलं होतं. कंपनीशी करार, भाव ठरलेला, कंपनीचा माणूस दर पंधरवड्याला बागेत. आधी दोन वर्षं पैसे वेळेवर आले. मग जगभर मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, वायनऱ्यांच्या टाक्या भरलेल्याच राहिल्या. २००९ च्या हंगामात कंपनीचा माणूस फोन उचलेनासा झाला. वाईनचं द्राक्ष बाजारात नेता येत नाही. मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया. खायला कोण घेणार? मामांनी बागेत शेळ्या सोडल्या. पुढच्या वर्षी त्याच खुंटावर थॉमसनचं, म्हणजे खायच्या बिनबियांच्या द्राक्षाचं, कलम भरलं. जिल्ह्यात त्या दोन-तीन वर्षांत कितीतरी बागा अशाच गेल्या. मामांच्या बागेत आज जी थॉमसन आहे, तिची मुळं अजून काबर्नेच्या वेळची आहेत.

ज्याची द्राक्षं लावली ती वाईन त्यांनी कधी पाहिलीही नव्हती. “बघून तर येऊ,” असं तेच म्हणाले.

मंगळवार होता. काउंटरवरच्या मुलानं माळ पाहिली. “बाबा, तुमच्यासाठी ज्यूस आणतो,” म्हणाला, आणि द्राक्षाचा रस आणला तो स्टीलच्या किंवा काचेच्या साध्या ग्लासात नाही, आम्हाला दिलेल्या तशाच दांडीच्या पेल्यात. आमच्या पेल्यांबरोबर, त्याच रांगेत ठेवला. वाईनची माहिती सांगताना प्रत्येक वेळी तो मामांकडेही पाहून बोलत होता. न पिणाऱ्या माणसाला टेबलाच्या टोकाला मोबाइलवर सोडून द्यायची पद्धत मी बाकीच्या ठिकाणी पाहिली होती.

काबर्ने आली तेव्हा मामांनी पेला मागितला. मुलानं माझ्याकडे पाहिलं नाही, सरळ दिला. मामांनी तो उजेडाकडे धरला, फिरवला नाही, नुसता नाकाशी नेला आणि परत ठेवला. “एकरी किती काढता?” त्यांनी विचारलं.

मुलगा थांबला. पाठांतरात हा प्रश्न नव्हता. “तीन-चार टन, बाबा. जास्त नाही ठेवत.”

“आम्हाला सहा काढायला लावले होते,” मामा म्हणाले. “ब्रिक्स कितीला तोडता?” द्राक्षातल्या साखरेचं ते माप.

“बावीस-तेवीस.”

“जीए?” मणी फुगवायच्या संप्रेरकाबद्दल त्यांनी विचारलं.

“नाही, वाईनला नाही मारत.”

“कुठला तू?”

“मोहाडीचा. दीड एकर थॉमसन आहे घरची.”

यापुढे माझ्या टेस्टिंगचं काय झालं कोणी विचारू नये. दोघं काउंटरच्या दोन बाजूंनी कोपर टेकवून भुरीवर, डाळिंबाच्या भावावर, ऑक्टोबर छाटणीच्या वेळी झालेल्या पावसावर बोलत राहिले. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, आपल्याकडे झोपतच नाही, म्हणून एप्रिलला खरड आणि पावसाळ्यानंतर गोडी अशा दोन छाटण्या कराव्या लागतात, हे मी तीन ठिकाणी इंग्रजीत ऐकलं होतं. मला ते कळलं इथे, मामा हातानं काडी कुठून कापायची ते काउंटरच्या लाकडावर दाखवत होते तेव्हा. माझी शेवटची वाईन मुलगा ओतायला विसरला. मी आठवण केली नाही. शेवटी मामांनीच विचारलं, “पैसे कधी देतात शेतकऱ्याला?” मुलानं खरं उत्तर दिलं असावं, कारण त्यानं आधी मागे वळून पाहिलं आणि मग आवाज खाली घेतला. काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही आणि मामांनी गाडीतही सांगितलं नाही.

निघताना त्यानं आम्हाला बागेच्या कडेला नेलं. तोडणी बरीचशी झाली होती. शेवटच्या रांगेत, तारेच्या खालच्या बाजूला, काही घड राहून गेले होते. मामांनी एक मणी तोडला, तोंडात टाकला, साल चघळली आणि मग बी दाताखाली घेऊन कडकन फोडली. सोळा-सतरा वर्षांत त्यांनी बीचं द्राक्ष खाल्लं नसावं. बी हातावर काढून पाहिली. तपकिरी झाली होती, पण एका टोकाला अजून हिरवट.

“चार दिवस थांबायला हवं होतं,” ते मुलाला म्हणाले.

“अवकाळीचं सांगत होते, बाबा. घाबरून काढली सगळ्यांनी.”

“आला का मग?”

“कुठला येतोय.”